अर्जेंटिना लागला, पाडेली लागेना

देवगडातल्या आमच्या घरातून मी इटलीशी बोललोय, जपानशी बोललोय. पण वाडीपलीकडच्या पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, गाठायला मला सतरा दिवस लागले.

मला हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या बिनतारी सेटवरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचा, नाद आहे. परीक्षा दिली, सरकारी परवाना काढला, व्हीयूने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं माझं नाव, मिळवला. राजीव गांधीही हॅम होते, व्हीयू२आरजी हा त्यांचा कॉलसाइन, हे आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "त्येंका नारळ सोलूचे लागत नसतले."

माझी अँटेना म्हणजे वीस मीटर लांबीच्या लहरींसाठीची तार, ३३ फूट लांब, दोन माडांच्या मधे ताणलेली. उंचीही तेवढीच हवी, नाहीतर लहरी नुसत्या आभाळाकडे जातात. खाऱ्या वाऱ्याने ती हिरवी पडली आणि एप्रिलच्या शेवटी जोडापाशी तुटली. एक टोक माडावर, दुसरं तुळशीपाशी. आईने त्यावर पंचे वाळत घातले.

तार चढवायला पाडेली हवा, आणि हंगाम हापूसचा! फोन बंद. घरी गेलो तर "झाडार गेलो हा." कुठल्या झाडावर, ते कोणी सांगेना. याला आमच्यात 'स्किप झोन' म्हणतात. लहरी तीनेकशे किलोमीटर उंचीवरच्या आयनोस्फिअर नावाच्या हवेच्या थरावर आपटतात आणि उतरतात ते थेट हजार-दोन हजार किलोमीटर पलीकडे. मधला मुलूख कोरडा. त्यामुळे मला रोम ऐकू येतं, कणकवली नाही. पाडेल्याचं घर तर कणकवलीच्याही अलीकडे.

अठराव्या दिवशी उजाडताना तो आपणहून खळ्यात उभा. पायात दोरी अडकवून सरसर चढला, तार बांधली, जाता जाता डझनभर नारळही पाडले. त्यातला एक माझ्या खिडकीला चाटून गेला.

मी धावत सेट लावला. पावणेसात झाले होते. लॉगबुकात सगळ्या जगाची वेळ एकच, यूटीसी, म्हणून तिथे रात्रीचा सव्वा. खरखरीतून एक बारीक आवाज आला: अर्जेंटिना! पंधराएक हजार किलोमीटर, आणि माझ्याकडे शंभर वॅट, जुन्या पिवळ्या बल्बाएवढे. मी माझा कॉलसाइन ओरडलो, "व्हिक्टर युनिफॉर्म..." आणि स्वयंपाकघरात घावन्यांच्या चटणीचा मिक्सर सुरू झाला. हेडफोनमध्ये नुसतं घर्रर्र.

"आई, मिक्सर!"

"खोबरा तसाच ऱ्हवांदे काय?"

त्या बिचाऱ्याने माझा कॉलसाइन चारदा विचारला. शेवटी म्हणाला, "यू आर फाईव्ह नाइन." म्हणजे आवाज खणखणीत, एक अक्षर सुटत नाही. हॅम लोकांत कोणी कोणाला याहून कमी मार्क देत नाही. लग्नात जेवण कसं झालं म्हणून विचारल्यासारखंच ते. मीही त्याला फाईव्ह नाइन दिले, सेव्हंटी थ्री म्हणून निरोप घेतला आणि घामाघूम होऊन मागे टेकलो.

पाडेली खिडकीत चहाची कपबशी घेऊन उभा होता.

"कोण होतो?"

"अर्जेंटिना, काका! पृथ्वीच्या पार त्या टोकाला!"

"काय म्हणालो?"

"फाईव्ह नाइन."

"नि मगे?"

"मग सेव्हंटी थ्री."

"नि?"

"नि काय... झालं."

त्याने बशीतला उरलेला चहा संपवला आणि माडाकडे वर पाह्यलं.

"ह्येच्यासाठी माका माडार चढवलंस?"