दोष अंगाला लागू न देता उत्तर कसे लिहावे

जलवाहिनीसाठी खणलेला आणि महिनाभर उघडाच राहिलेला आमच्या गल्लीतला चर मला रात्री दिसला नाही, आणि मी स्कूटरसह त्यात पडून उजवे मनगट मोडून घेतले. डाव्या हाताने खरडलेल्या माझ्या मराठी तक्रारीला संबंधित कार्यालयाने जे इंग्रजी उत्तर पाठवले, ते इतके निर्दोष आहे की होतकरू पत्रलेखकांनी त्यातून धडे घ्यावेत.

‘ब्लेम’ हा शब्द टाळावा. ईश्वरनिंदावाचक ‘ब्लास्फेमी’शी त्याचे रक्ताचे नाते आहे आणि आपण श्रद्धाळू माणसे आहोत.

‘रिप्रिहेन्सिबल’ म्हणजे निंदनीय; हे विशेषण विरोधी पक्षासाठी राखून ठेवावे.

‘गिल्टी’ कोण हे न्यायालय ठरवते, तोवर प्रकरण न्यायप्रविष्ट असते.

‘रिस्पॉन्सिबल’ मात्र खुशाल वापरावा. त्याच्या मुळाशी उत्तर देणे आहे, आपल्या ‘जबाबदार’मध्येही जबाबच आहे, तेव्हा उत्तर धाडले की जबाबदारी संपली. कायद्याने बांधील अशा अर्थाच्या ‘लायबल’च्या मुळाशी बांधणे असल्यामुळे तो ठेकेदाराच्या गळ्यात बांधावा.

खरी काळजी घ्यावी ती ‘कल्पेबल’ची. लॅटिनमध्ये ‘कल्पा’ म्हणजे दोष, आणि आपल्या कायद्याच्या मराठीत याच शब्दाचा ‘सदोष’ होऊन ‘सदोष मनुष्यवध’ तयार झाला. पूर्वी त्याची शिक्षा भारतीय दंड संहितेच्या कलम 304 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 105 मध्ये आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; 105 साठी मात्र हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हावी लागते. म्हणून कशाचीही जाणीव होऊ देऊ नये, हा उत्तम उपाय. पण जाणीव नव्हती कशी? माझ्या पडण्याआधी गल्लीतून तीन अर्ज गेले होते, तिन्हींच्या स्थळप्रतींवर तुमचा गोल शिक्का आहे, आवक क्रमांक आहे, कारकुनाची वळणदार सही आहे! त्या चरात धोक्याची खूण म्हणून झाडाची फांदी खोचली ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने, आणि तुमच्याकडून साधी दोरीसुद्धा आली नाही. मी मेलो असतो तर हाच शिक्का न्यायालयात कोणी दाखवला असता?

शेवटी ‘द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड’ लिहावे. गैरसोय झाली, पण केली कुणी? खेद वाटतो, पण वाटतो कुणाला? कर्मणी प्रयोगाचा असा उपयोग आमच्या व्याकरणाच्या मास्तरांनाही सुचला नसता.

साहेब, पुरे झाले. तुमचे पत्र मी चार वेळा वाचले आणि त्यात माणूस सापडला नाही. ‘आमची चूक झाली’ एवढे तीन शब्द लिहायला तुम्हाला लाज वाटते, आणि उघड्या चरावरून रोज गाडी वळवून नेताना वाटत नाही. मनगटाचे प्लास्टर निघाले तरी चर तसाच आहे. इस्त्रीवाल्याची फांदी वाळून मोडली आहे. निदान एक नवी तरी खोचून जा.