आजीच्या लुगड्यावरून फोटोचं साल काढू नका

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर चुलत भावाने एक जुना ग्रुप फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘अंदाजे 1915’. का, तर पणजी नऊवारीत आहे आणि पणजोबांच्या डोक्याला पागोटं आहे. झालं, सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी सुरू. अरे पण आपली आजी 1996 साली गेली तीसुद्धा नऊवारीतच, मग तिचे कलर फोटो पण 1915 चे का?

म्हाताऱ्या माणसांच्या कपड्यांवरून साल काढायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाला एकदा तिशी-पस्तिशीत जे अंगवळणी पडतं ते तो शेवटपर्यंत सोडत नाही (आमचे बाबा अजून बुशशर्ट शिवून घेतात, शिंपी हसतो त्यांना). फोटोत जो सगळ्यात तरुण आणि जरा नटवा दिसतो ना, त्याला आधी पकडायचं. या फोटोत उजव्या कोपऱ्यात आजीची धाकटी बहीण उभीये, गोल साडी, ब्लाउजच्या बाह्यांना फुगे, दोन्ही वेण्या मुद्दाम पुढे घेतलेल्या. आणि तिच्या मागे काकाआजोबा, डोक्यावर चक्क गांधी टोपी! ही टोपी लोकांच्या डोक्यावर आली ती 1920-21 च्या असहकारात, त्यामुळे 1915 तिथंच बाद.

अर्थात टोपी काय, साडी काय, ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते. नंतरचा कितीही असू शकतो, कारण आपल्याकडे कपडा टाकून कोण देतं. आजोबांच्या लग्नातला बंद गळ्याचा कोट घ्या, त्याचं वरून तिसरं बटण वेगळं आहे, बाकीच्यांपेक्षा मोठं आणि चकचकीत. तेच बटण मला काकाआजोबांच्या मॅट्रिकच्या फोटोत सापडलं, कोट तोच, फक्त बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या. आणि स्टुडिओतला फोटो असेल तर विचारूच नका, तिथे कोट-टाय फोटोग्राफरचाच असायचा, गिऱ्हाइकाने फक्त चेहरा आणायचा.

आता नवीन ताप म्हणजे फोटो रंगीत करणारी अ‍ॅप्स. भाच्याने आजीच्या लग्नाचा फोटो रंगवून पाठवला, शालू काळपट निळा! त्या काळात लग्नात असला रंग नेसवला असता का कुणी? जुन्या काळच्या बऱ्याचशा प्लेटांना आणि फिल्मना लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे लाल होतं ते काळं उमटायचं. मी त्याला म्हटलं, मूळ फोटोत आजीचं कुंकू झूम करून बघ. तेही कुट्ट काळं. मग शालू लालच असणार की, डाळिंबी म्हणा हवं तर. पण अ‍ॅपला कुंकू काय माहीत.

तर मूळ फोटोकडे परत येते. गोल साडी आणि फुग्यांवरून मी चाळीसच्या आसपास धरलं, मग पणजीच्या मांडीवरचं बाळ बघितलं, ते आमचे थोरले काका, जन्म 1944 चा, म्हणजे फोटो 1945. एकदम खूश होऊन थोरल्या आत्याला फोन लावला. ती 88 वर्षांची आहे आणि फोटोत पुढे फ्रॉक घालून, तोंड वाकडं करून बसलेली ती हीच. खरं तर आधी तिलाच विचारायला हवं होतं, पण आपल्याला हुशारी दाखवायची असते ना.

सगळं ऐकून घेतलं तिने आणि म्हणाली, “साल बरोबर असेल गं, पण ती साडी मावशीची नव्हेच. मुंबईच्या मामी आलेल्या, त्यांची फोटोपुरती मागून घेतलेली. संध्याकाळी परत परकर-पोलकं.”

म्हटलं, “आणि बाळ?”

“बाळ आपलंच आहे.”