दारू सोडायच्या मीटिंगबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

पोळ्यापासून आमच्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडंही आला असेल. त्यात लिहिलंय की दारू सोडायला मीटिंग-बिटिंग लागत नाही, खरा मर्द एका दिवसात सोडतो, चार बेवडे खोलीत बसून रडतात त्यानं कोणाची सुटली, ते ख्रिश्चनांचं काम आहे, पैसे उकळतात, गावभर नाव होतं. आणि खाली एक मोबाईल नंबर, पेणाऱ्याला न सांगता भाजीत टाकायची पावडर मिळेल म्हणून. मी यवतमाळ जिल्ह्यातला, वावर कसणारा, दारूतून बाहेर पडलेला माणूस, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या मंडळाच्या मीटिंगला अजूनही जातो. हे वाचून कोणी दारातून परत फिरू नये म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी ते "एका दिवसात सोडतो", कारण ह्यानं जीव जाऊ शकतो. ज्याले सकाळी उठल्या उठल्या लागते, नाही मिळाली तर हात थरथरतात, घाम फुटतो, अशा माणसानं घरच्या घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलं असं वाटतं, ताप चढतो. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं आणि मांत्रिकाकडं नेतात. ही दारू अचानक तुटल्याची अवस्था आहे राजेहो, तिला दवाखाना लागतो, डॉक्टर झटके येऊ नये म्हणून गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन देतात आणि काही दिवसांत माणूस सावरतो. यात मर्दपणाचा काही संबंध नाही.

पण दवाखान्यातून सुटी झाली की गाव तेच असते ना. तीच टपरी, तीच भट्टी, कापसाचा चुकारा हातात आला की तेच मित्र, तेरवी असो की लग्नाचा मांडव, "काहून बे, आता आमच्यासंगं बसत नाहीस का" म्हणणारे तेच. डॉक्टर काही सांजच्याले तुमच्या ओट्यावर येऊन बसत नाही. मीटिंगचं काम इथून सुरू होतं.

आता "चार बेवडे बसून काय होते". अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावात सुरू झालं तेच मुळी दोन बेवड्यांच्या बोलण्यातून, एक शेअर बाजारातला बिल आणि एक सर्जन, डॉक्टर बॉब. बिलची दारू तेव्हा काही महिने बंद होती, परक्या गावात धंद्याचं काम फसलं आणि तलफ आली, तेव्हा त्यानं उपदेश करणारा नाही शोधला, आपल्यासारखाच दुसरा पेणारा शोधला, कारण त्याच्याशी बोललं तर आपण पेणार नाही हे त्याले समजलं होतं. आजही मीटिंगमध्ये हेच चालतं. एक जण शेअरिंग करतो, म्हणजे आपली गोष्ट सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा एका अनोळखी माणसानं बायकोच्या डोरल्याबद्दल सांगितलं, अन् माझ्याही घरची तीच गोष्ट मी कोणाजवळ कधी काढली नव्हती. घरच्यांनी शपथा घातल्या, बापानं मारलं, त्यानं जे झालं नाही ते तिथं झालं, कारण माझ्याकडं बघून नाक मुरडणारं कोणी नव्हतं. आणि हा फक्त माझा अनुभव नाही. 2020 मध्ये कोक्रेन, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिनं 27 अभ्यास, 10,565 लोक, असा आढावा घेतला. एए आणि त्याकडं नेणाऱ्या उपचाराने वर्षभरानंतर पूर्ण बंद ठेवणारे साधारण 42 टक्के निघाले, दुसऱ्या उपचारांनी 35. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत हे खरं, आणि सगळ्यांचीच सुटते असं कोणी म्हणत नाही. स्लिप होते, म्हणजे माणूस परत पेतो. पण स्लिप झालेला माणूस दुसऱ्या दिवशी आला तर त्याले खुर्ची देतात, हाकलत नाहीत.

ख्रिश्चनांचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी खोली स्वस्तात मिळते म्हणून चर्चमध्ये किंवा शाळेत मीटिंग होते, एवढंच. मीटिंगमध्ये देवाचा विषय निघतो, पण देव ज्याला जसा समजला तसा, कोणी विठोबा म्हणते, कोणी काहीच म्हणत नाही. सदस्य व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा.

पैशाचं तर उलटंच आहे. फी नाही, बाहेरची देणगीही घेत नाहीत, शेवटी पिशवी फिरते, असेल तर टाका. पैसे लागतात ते खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हायला, लोक दोन्ही एकच समजतात. आणि नाव? आडनाव विचारत नाहीत, रजिस्टर नाही, इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. गावात ओळख निघायची भीती खरी आहे, मलाही होती, मग शेजारच्या तालुक्यात जा, एसटी आहे.

ती पावडर घेऊ नका माय. अशा पावडरीत काय आहे कोणालाच माहीत नसतं. दारूवर त्रास देणारं डायसल्फिराम असलं आणि माणसाला न सांगता दिलं, वरून तो प्यायला, तर बीपी एकदम पडतो, जीवावर बेततं. डॉक्टरही ते त्याच्या संमतीशिवाय देत नाहीत.

शोधायचं कसं ते सांगतो. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात विचारा, एएच्या वेबसाईटवर गावानुसार बघा, मराठी मीटिंग फोनवर ऑनलाईनही होतात. 14446 हा नशामुक्तीचा सरकारी नंबर, 14416 टेली-मानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीचा सरकारी नंबर. गडचिरोलीत मुक्तिपथ ह्या दारू-तंबाखूमुक्तीच्या कामाची तालुक्याला क्लिनिक असतात. घरच्या बाईले वेगळी जागा आहे, अल-अनॉन, म्हणजे पेणाऱ्याच्या घरच्यांची मीटिंग, नवरा पेत असला तरी तिले जाता येते. फोन केला की एवढंच विचारा, मराठी मीटिंग कुठल्या वारी, किती वाजता, ओपन (कोणीही येऊ शकते) आहे की क्लोज्ड (फक्त दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी), आणि पहिल्या दिवशी स्टँडवर घ्यायला कोणी येईल का. बहुतेक येतात.