नुसतं नाव तर बदलायचंय!

आमच्या साहेबांना पंचवटीतल्या कुठल्याशा अंकशास्त्रवाल्याने सांगितलं की प्रॉडक्टच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी पडतोय. झालं! बोर्ड बदलला, व्हिजिटिंग कार्डं बदलली आणि मग साहेबांची नजर सर्व्हरवर गेली. आमचं अॅप द्राक्षवाल्यांना औषधं-खतं विकतं, त्याचा सर्च इलॅस्टिकसर्च नावाच्या शोध-सॉफ्टवेअरवर चालतो आणि तिथल्या इंडेक्सला (म्हणजे शोधायचा डेटा ठेवलेल्या कप्प्याला) अजून जुनंच नाव. "रिनेम मारायचं रे, दोन मिनिटांचं काम," इति साहेब, मिसळीवर कांदा पेरत.

आता गंमत अशी की इलॅस्टिकसर्चमध्ये इंडेक्स रिनेम करायची एपीआयच, म्हणजे सर्व्हरला तसं सांगायची कमांडच, नाहीये. नाव बदलायचं म्हणजे शेजारी नवं घर बांधा, सगळी भांडीकुंडी तिकडे न्या आणि मग जुनं पाडा. क्लोनची, म्हणजे इंडेक्सची हुबेहूब नक्कल काढायची, सोय आहे, पण त्यासाठी आधी जुन्या इंडेक्सवर लिहिणं बंद करावं लागतं, आणि ऐन ऑक्टोबर छाटणीत स्टॉकचे अपडेट बंद ठेवले तर दिंडोरी-निफाडहून असे फोन येतील की विचारू नका.

त्यात साहेबांना नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं. सर्व्हरने थेट 400 ची एरर तोंडावर मारली, इंडेक्सचं नाव स्मॉलमध्येच लागतं म्हणे. अंकशास्त्रवाल्याला फोन गेला. स्मॉल चालेल, पण शनिवारी नको.

मग ओझरचं आमचं एक उत्साही पोरगं, त्याने टेस्टिंगच्या सर्व्हरवर सरळ रीइंडेक्स (एका इंडेक्सचा डेटा दुसऱ्यात भरणारी कमांड) सोडला. डेटा आला की सगळा! पण 'भुरी' टाकलं तर शून्य रिझल्ट. आधी भुरी टाइप केलं की पावडरी मिल्ड्यूची औषधं दिसायची कारण तशी समानार्थी शब्दांची यादी इंडेक्सच्या सेटिंगमध्ये घातलेली, आणि रीइंडेक्स फक्त डॉक्युमेंट, म्हणजे एकेक नोंद, उचलतो, सेटिंग-मॅपिंगला (मॅपिंग म्हणजे कुठलं फील्ड, कुठला रकाना कसा साठवायचा तो आराखडा) हात लावत नाही, ते आधी आपणच नव्या इंडेक्सवर मांडून ठेवायचं. पोरगं म्हणे, "दादा, कॉपी म्हणजे कॉपी ना?" काय बोलणार!

शेवटी रीतसर केलं. मॅपिंग आधी, मग रीइंडेक्स बॅकग्राउंडला टाकून त्या कामाच्या नंबरवर, टास्क आयडीवर, डोळा, आणि मधल्या वेळात बदललेला स्टॉक परत एकदा ओढून घेतला. जुनं नाव मात्र कुठे कुठे घुसलेलं, रात्रीचा जॉब, रिपोर्टची स्क्रिप्ट, एक तर अशी फाइल की जिचा धनी कंपनी सोडून पुण्याला गेलेला. म्हणून एकाच रिक्वेस्टमध्ये जुना इंडेक्स उडवला आणि तेच नाव नव्याला अलियास, म्हणजे टोपणनाव, म्हणून चिकटवलं. दोन्ही गोष्टी एका दमात होतात, मध्ये फट राहत नाही, शेतकऱ्याला पत्ताही लागत नाही. हे अलियास प्रकरण ज्याने काढलं त्याला आपल्याकडून एक मिसळ.

साहेब खूश. पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघ, झालं की नाही? आता ती आतली फील्ड आहेत ना, त्यांची नावं पण जरा नीट करून टाक."

फील्डलाही रिनेम नाही. परत रीइंडेक्स.