रिंकू सिंग मेजर लीगमध्ये खेळलेला नाही

सध्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय की रिंकू सिंग हा अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळलेला पहिला भारतीय, आणि सोबत फोटो चक्क केकेआरच्या रिंकूचा. दोन्ही चूक आहे. बेसबॉलवाला रिंकू वेगळा, यूपीतल्या भदोहीकडचा, भालाफेक करणारा, 2008 मध्ये टीव्हीवरच्या एका स्पर्धेत ताशी 87 मैलांनी बॉल टाकून जिंकला आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला साइन केलं. पण साइन केलं म्हणजे मेन टीममध्ये घेतलं असं नसतं ना, खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात आणि हा तिथेच रिलीफ पिचर होता, म्हणजे सुरुवातीचा पिचर (बॉल टाकणारा) दमला की मधे येऊन मॅच सांभाळणारा. 2012 ला वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या मायनर लीग टीमकडून 39 मॅच, 72 इनिंग, ईआरए 3.00 म्हणजे दर नऊ इनिंगला तीनच रन दिले, आणि 2008 च्या आधी बेसबॉल खेळलेलाही नसलेल्या पोरासाठी हे खरंच भारी आहे हो! पुढे कोपराचं ऑपरेशन झालं, सगळं तिथेच अडकलं, 2018 ला डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्तीला गेला, तिथला वीर महान तो हाच. बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा, मायनर लीगचेच आकडे दिसतील. तेव्हा तो मेसेज पुढे ढकलू नका प्लीज, आणि ज्यांनी ढकललाय त्यांनी हे त्याच ग्रुपवर टाका.