‘परीक्षा द्या, संचालक व्हा, मीटिंगला लाख घ्या’: या फॉरवर्डमध्ये खरं किती?

निवृत्त अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: ‘रिटायर झालात? घरी बसू नका. केंद्र सरकारची ऑनलाइन परीक्षा द्या, 60 टक्के मिळवा आणि स्वतंत्र संचालकाचं सर्टिफिकेट आयुष्यभरासाठी मिळवा. आता या सर्टिफिकेटशिवाय कुणालाच कंपनीचा संचालक होता येत नाही, त्यामुळे कंपन्या माणसं शोधताहेत. प्रत्येक मीटिंगला एक लाख रुपये. काम फक्त हजेरीचं, जबाबदारी शून्य.’ खाली एका क्लासचा नंबर.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. बोर्डाचा एजेंडा पाठवायचा आणि मीटिंग झाली की मिनिट्स लिहायचे, हा माझा रोजचा धंदा. मजकूर निव्वळ थाप असता तर सोडून दिला असता, पण त्यात खऱ्याखोट्याची भेसळ आहे आणि ती काही जणांना महागात पडू शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सर्टिफिकेटशिवाय कुणालाच संचालक होता येत नाही.’ साफ चूक. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालकाला परीक्षाबिरीक्षा काही नाही. डीआयएन (संचालकाचा सरकारी ओळख क्रमांक) हवा, लेखी संमती हवी, तो अपात्र ठरलेला नसावा, एवढंच. परीक्षेचा संबंध येतो तो फक्त स्वतंत्र संचालकांशी, म्हणजे जे कंपनीच्या मालकांचे नातलग किंवा कंपनीचे नोकर नसतात आणि बाहेरच्या नजरेने लक्ष ठेवायला बोर्डावर बसतात त्यांच्याशी. ते लागतात लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना (बोर्डाच्या किमान एक तृतीयांश) आणि काही मोठ्या अनलिस्टेड पब्लिक कंपन्यांना. 1 डिसेंबर 2019 पासून अशा संचालकाचं नाव आयआयसीए, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स या सरकारी संस्थेच्या डेटाबँकेत असणं सक्तीचं आहे. नाव नोंदवल्यावर परीक्षा पास व्हायला दोन वर्षं मिळतात, म्हणजे परीक्षेआधीही नेमणूक होऊ शकते. लिस्टेड कंपनीत तीन वर्षं संचालक किंवा सीएफओसारख्या (मुख्य वित्त अधिकारी) पदावर काढलेल्यांना परीक्षा माफ. दहा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या वकील, सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि कॉस्ट अकाउंटंट मंडळींनाही 2021 पासून माफ. आणि हो, 60 टक्के हा जुना आकडा. डिसेंबर 2020 मध्येच तो 50 वर आला. मजकूर किती शिळा आहे ते यावरूनच कळतं.

‘त्यामुळे कंपन्या माणसं शोधताहेत.’ शोधतात, पण यादी उघडून वरून खाली नावं वाचत नाहीत. डेटाबँकेत कुणीही नाव घालू शकतो, डीआयएन नसलेलासुद्धा. कंपनी कायद्याच्या कलम 150 मध्येच लिहिलंय की डेटाबँकेतून माणूस निवडला तरी त्याची पारख करण्याची जबाबदारी कंपनीची. सरकार कुणाची शिफारस करत नाही. लिस्टेड कंपनीत आधी नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी (नेमणुका आणि मानधन पाहणारी बोर्डाची समिती) नाव सुचवते, मग बोर्ड, मग भागधारक. 2022 पासून भागधारकांचा हा ठराव विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठीही असाच विशेष ठराव, कारणांसकट. कमिटीला हवी असते विशिष्ट माणसांची जोड: एखाद्या फार्मा कंपनीला औषध नियमनातला, एखाद्या एनबीएफसीला (बँक नसलेल्या वित्तकंपनीला) कर्जवसुली आतून पाहिलेला. ‘बँकेत तीस वर्षं होतो’ एवढ्यावर दार उघडत नाही. ‘अमुक साली अमुक क्षेत्राची थकीत कर्जं सांभाळली’ यावर उघडू शकतं. बायकांना मात्र संधी खरोखर वाढली आहे, कारण बाजारमूल्याने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना 2020 पासून किमान एक स्वतंत्र महिला संचालक ठेवावीच लागते.

‘प्रत्येक मीटिंगला एक लाख.’ एक लाख ही सिटिंग फीची, म्हणजे मीटिंगला हजर राहण्याच्या मानधनाची, कायद्यातली कमाल मर्यादा. किमान किती, ते कायदा सांगत नाही. मीटिंगला पाच-दहा हजार देणाऱ्या छोट्या कंपन्याही आहेत. त्यातून 10 टक्के टीडीएस कापला जातो. नफ्यातून कमिशन मिळू शकतं, पण कंपनीला एमडी (व्यवस्थापकीय संचालक) असेल तर एरवी सगळ्या बिगर-कार्यकारी (रोजचा कारभार न पाहणाऱ्या) संचालकांना मिळून नफ्याच्या 1 टक्क्यापर्यंतच. स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) स्वतंत्र संचालकाला चालतच नाहीत. वर्षाला बोर्डाच्या सक्तीच्या मीटिंगा चार. बाकीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

‘जबाबदारी शून्य.’ हे सगळ्यात घातक वाक्य. कायदा असं म्हणतो की बोर्डाच्या कामकाजातून स्वतंत्र संचालकाला जे माहीत होतं आणि जे त्याच्या संमतीने किंवा संगनमताने झालं, त्याला तो जबाबदार. शिवाय तो दक्षतेने वागला नसेल तरीही जबाबदार. या शेवटच्या ओळीवर सगळं अडतं.

प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. मीटिंगच्या किमान सात दिवस आधी नोटीस जाते, तिच्याबरोबर किंवा मागोमाग एजेंड्याचे कागद. समजा दोनशे पानं. त्यात कुठेतरी चौदावा विषय असतो ‘संबंधित पक्षाशी व्यवहारास मंजुरी’: प्रवर्तकाच्या (कंपनी उभी करणाऱ्या मालकाच्या) मुलाच्या कंपनीकडून गोदाम भाड्याने घ्यायचं, सोबत मूल्यांकनाचं दोन पानी पत्र. नवे संचालक चहा घेता घेता विचारतात, ‘भाडं जरा जास्त नाही का?’ सीएफओ काहीतरी उत्तर देतात, विषय पुढे सरकतो. पंधरा दिवसांच्या आत मिनिट्सचा मसुदा ईमेलने येतो. त्यात लिहिलेलं असतं ‘चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर’. त्या मसुद्यावर काही म्हणायचं असेल तर सात दिवसांत कळवायचं असतं. बहुतेक जण ईमेल उघडतही नाहीत. तीन वर्षांनी सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) नोटीस आली की तपास अधिकाऱ्यापुढे तेच मिनिट्स असतात. चहाच्या कपावरची शंका तिथे कुठेच नसते. माहिती होती याचा पुरावा तयार, हरकत घेतल्याचा नाही.

फार शिकलेली माणसं असली की हे टळतं, असंही नाही. सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, पेंटियम चिपशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते अभियंते होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन होते. 16 डिसेंबर 2008 ला याच बोर्डाने कंपनीचे संस्थापक रामलिंग राजूंच्या मुलांशी निगडित मेटास कंपन्या सुमारे 1.6 अब्ज डॉलरला घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले, काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला. 7 जानेवारी 2009 ला हिशेब फुगवल्याचं राजूंचं कबुलीपत्र आलं. आज स्वतंत्र संचालकांवर जे नियम आहेत त्यांच्यामागे या प्रकरणाचा मोठा धक्का आहे. तेव्हा परीक्षा असती तर ही मंडळी हसत पास झाली असती.

शिवाय कंपनीचा चेक बाउन्स झाला की तक्रारदार सगळ्या संचालकांची नावं आरोपींत टाकून मोकळा होतो. बहुतेक वेळा स्वतंत्र संचालकाचं नाव निघतंही, पण त्यासाठी वकील लावून हायकोर्टात जावं लागतं. कंपनी मंत्रालयानेच 2 मार्च 2020 च्या परिपत्रकात अशा संचालकांना विनाकारण गोवू नका असं कंपन्यांच्या रजिस्ट्रारांना बजावलं. बजावायची वेळ आली होती, हे लक्षात घ्या. संचालकांचा डी अँड ओ विमा (संचालक-अधिकाऱ्यांवरच्या दाव्यांचा खर्च भरणारा) पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा आहे. तुम्हाला बोलावणारी कंपनी त्या हजारात नसेल तर पॉलिसी आहे का, किती रकमेची, ते होकार देण्याआधी विचारा.

‘आयुष्यभरासाठी.’ इथे चार वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. परीक्षा एकदा पास झालात की झालात, तिचा विषय संपला. डेटाबँकेतलं नाव मात्र वर्गणीवर चालतं: एक वर्षासाठी 5,000, पाच वर्षांसाठी 15,000, आजन्म 25,000, वर जीएसटी. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर नाव निघतं, पास झालेल्याचंही. तिसरी गोष्ट डीआयएनची केवायसी. तिचा आयआयसीएशी काही संबंध नाही. ती चुकली की डीआयएन निष्क्रिय, आणि परत सुरू करायला 5,000 रुपये. चौथी, नेमणूक झाल्यावर दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बोर्ड मीटिंगला ‘मी अजूनही स्वतंत्र आहे’ असं जाहीर करायचं. मधल्या काळात तुमच्या सुनेने त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर नोकरी धरली असेल तर हे जाहीर करण्याआधी कंपनी सेक्रेटरीशी बोला. पदसुद्धा आजन्म नसतं. पाच-पाच वर्षांच्या सलग दोन मुदती, मग तीन वर्षं त्या कंपनीशी कुठलाही संबंध बंद.

राहिला क्लास. परीक्षा घरूनच, कॅमेरा सुरू ठेवून द्यायची असते. कंपनी कायदा, सेबीचे नियम, जुजबी हिशेबशास्त्र, प्रश्न बहुपर्यायी. कितीही वेळा देता येते. अभ्यासाचं साहित्य आणि सराव परीक्षा आयआयसीएच्याच पोर्टलवर आहेत. ताळेबंद वाचता येणाऱ्या माणसाला यासाठी क्लास कशाला लागतो, मला कळलेलं नाही. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याने आधी तो शिकावा, कारण ऑडिट कमिटीत बसल्यावर शेजारी कोचिंगवाले सर नसतात. आणि क्लास ‘प्लेसमेंटची हमी’ देत असेल तर त्या नंबरवर फोन करून विचारा की ही हमी कुठल्या कंपनीच्या भागधारकांनी दिली आहे.