लिमरिकची ती तीन वर्षं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मन्स्टरच्या मायनर हर्लिंग स्पर्धेवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून सोडून द्यावी अशी ती नाही, म्हणून हे वेगळं उत्तर लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मन्स्टर हा आयर्लंडचा दक्षिणेकडचा प्रांत. तिथल्या काउंट्यांचे (म्हणजे जिल्ह्यांचे) मुलांचे संघ १९२८ पासून हर्लिंगच्या प्रांतिक विजेतेपदासाठी खेळतात, त्या स्पर्धेला सगळे ‘मायनर’ म्हणतात. पूर्वी ती १८ वर्षांखालच्या मुलांची होती, २०१८ पासून १७ वर्षांखालच्यांची झाली. प्रांतातून पुढे गेलेले संघ मग अखिल आयर्लंड विजेतेपदासाठी भिडतात. एका बाजूला १५ खेळाडू, हातात अ‍ॅशच्या लाकडाची हर्ली, आणि मुठीत मावेल एवढा चामड्याचा चेंडू, त्याचं नाव स्लिटर. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला की गोल, त्याचे ३ गुण. दांडीवरून खांबांमधून गेला की १.

तुमचे आक्षेप तीन. पहिला, ‘मायनर जिंकणारी काउंटी पाच-सात वर्षांत मोठ्यांची स्पर्धाही जिंकते’ हे मी ठोकून दिलेलं विधान चूक आहे. दुसरा, वयोमर्यादा खाली आणल्याबद्दल मी उगाच गळा काढला. एवढ्या लहान पोरांच्या खांद्यावर अख्ख्या काउंटीचं ओझं ठेवायलाच नको. आणि तिसरा, आपला विटीदांडू मेला त्याचं मला काही नाही आणि परक्यांच्या खेळाचं एवढं कौतुक.

पहिल्या आक्षेपात तुमचं बरोबर आहे आणि माझं चूक. तुम्ही दाखला दिलात मन्स्टरमधल्याच लिमरिक काउंटीचा. २०००, २००१ आणि २००२, सलग तीन वर्षं लिमरिकच्या २१ वर्षांखालच्या, म्हणजे मायनरच्या वरच्या गटातल्या, पोरांनी अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं. त्यानंतर लिमरिकच्या मोठ्या संघाला अखिल आयर्लंड ट्रॉफी मिळाली ती थेट २०१८ मध्ये. त्याआधीची १९७३ ची. मधल्या काळात २००७ ला अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि किलकेनीकडून हरले. ज्या पिढीकडे सगळी काउंटी डोळे लावून बसली होती, ती पिढी मोठ्यांचा कप न उचलताच निवृत्त झाली. मी याच काउंटीत गेली पंधरा वर्षं राहतो. त्या संघांबद्दल बोलताना इथली माणसं अजूनही आवाज खाली आणतात. हे मला माहीत असूनही मी तसं वाक्य लिहिलं, कारण लेखाला ते शोभत होतं. मूळ लेखातून ते आज काढून टाकलं आहे.

पण विधान काढल्यावर प्रश्न उरतोच, की मग मुलांच्या स्पर्धेचा आणि मोठ्यांच्या यशाचा काही संबंध आहे की नाही? मला वाटतं आहे, फक्त तो कपाशी नाही. क्लेअरचं बघा. २०१० आणि २०११ ला त्यांनी मन्स्टर मायनर जिंकलं, अखिल आयर्लंड मात्र दोन्ही वर्षी हुकलं. त्याच मुलांतला टोनी केली २०१३ मध्ये मोठ्यांच्या विजेत्या संघात होता आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम हर्लरही तोच ठरला. २०२४ ला क्लेअर पुन्हा जिंकली तेव्हा कर्णधार तोच. उलट वॉटरफर्ड. २०१३ ला अखिल आयर्लंड मायनर, २०१६ ला २१ वर्षांखालचं. त्या मायनर संघातला ऑस्टिन ग्लीसन २०१६ चा सर्वोत्तम हर्लर झाला. तरीही वॉटरफर्डच्या मोठ्या संघाची शेवटची अखिल आयर्लंड ट्रॉफी अजून १९५९ चीच आहे. म्हणजे कप सांगतो ते थोडंच. त्या पंधरा-वीस जणांतले किती जण पंचविशीपर्यंत खेळत राहिले, कोण नोकरीसाठी परदेशी गेलं, कोणाचा गुडघा गेला, मोठ्या संघाला प्रशिक्षक कसा मिळाला, यावर सगळं ठरतं. खेळण्याचा पगार कोणालाच मिळत नाही हेही लक्षात घ्या. काउंटीच्या मोठ्या संघात खेळणारा माणूसही सकाळी शाळेत शिकवतो नाहीतर सुतारकाम करतो, आणि संध्याकाळी सरावाला येतो.

जाता जाता मक्तेदारीचं. ‘कॉर्क आणि टिपरेरीच आलटून पालटून जिंकतात’ असं तुम्ही म्हणता. या दोघांच्या नावावर सगळ्यात जास्त विजय आहेत हे खरं, आणि त्यांची माणसंही तशीच आहेत. क्लॉइनचा क्रिस्टी रिंग १९३८ ला कॉर्कच्या विजेत्या मायनर संघात होता, पुढे त्याने मोठ्यांची आठ पदकं मिळवली. थर्लसचा जिमी डॉइल १९५४ ला टिपरेरीचा गोलरक्षक म्हणून मायनरचा अंतिम सामना डब्लिनकडून हरला. नंतर पुढच्या फळीत खेळायला लागला आणि १९५५, ५६, ५७ असा सलग तीनदा जिंकला. पण पहिल्या वर्षी, १९२८ ला, कॉर्कने अखिल आयर्लंड मायनर मिळवलं आणि लगेच पुढच्या वर्षी ते वॉटरफर्डने नेलं. १९४८ ला वॉटरफर्डचे मोठे आणि मायनर दोन्ही जिंकले. १९९७ ला क्लेअरने तेच केलं, एकाच दिवशी, एकाच मैदानावर. युद्धाच्या काळात १९४२ ते १९४४ अखिल आयर्लंड मायनर झालंच नाही. त्या तीन वर्षांत जी मुलं सतरा-अठराची होती त्यांची संधी गेली ती गेलीच. मायनरचं वय परत येत नाही.

आता तुमचा दुसरा आक्षेप. मला खरं बोलायचं आहे ते याच्यावर.

वयोमर्यादा १८ वरून १७ करण्याचा निर्णय या खेळाचा कारभार बघणाऱ्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या २०१६ च्या अधिवेशनात झाला. त्यामागचं कारण मला मान्य आहे. इथली शालान्त परीक्षा, लीव्हिंग सर्ट, जूनमध्ये असते आणि नेमके तेव्हाच प्रांतिक सामने रंगात आलेले असायचे. अभ्यास करायचा की सराव, या ओढाताणीत पोरं भरडली जात होती. काही जण हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल दोन्ही खेळायचे, त्यांचे तर जास्तच हाल. तेव्हा ओझं कमी केलं हे बरं केलं, यात वाद नाही. पण सतरानंतर पुढची पायरी आहे ती थेट वीस वर्षांखालची. सतराव्या वर्षी अंगाने अजून न भरलेला पोरगा, ज्याला पूर्वी आणखी एक वर्ष मिळायचं, तो आता तिथेच मागे पडतो. मी लेखात गळा काढला असं तुम्हाला वाटलं असेल, तर तो याच पोरासाठी होता.

आणि ओझ्याबद्दल मी जे पाहिलं ते सांगतो. ७ सप्टेंबर २०१४, डब्लिनचं क्रोक पार्क मैदान. आमच्या क्लबमधल्या एका आजोबांची तब्येत बिघडली म्हणून त्यांचं तिकीट मला मिळालं. मोठ्यांचा अंतिम सामना किलकेनी आणि टिपरेरीचा, त्याच्या आधी मायनरचा, किलकेनी विरुद्ध लिमरिक. मायनर सुरू झाला तेव्हा स्टँडमध्ये खुर्च्याच जास्त दिसत होत्या. लिमरिकवाले तेवढे हिरवे कपडे घालून वेळेवर आले होते, बाकीचे बाहेर सँडविच खात होते. मग हळूहळू जिन्यांवरून लोक येत राहिले. प्रत्येक पाच मिनिटांनी आवाज एक पट्टी वर चढायचा. शेवटच्या दहा मिनिटांत मैदान जवळजवळ भरलं होतं. त्या दिवशी ८० हजारांवर लोक होते. बाजूरेषेवरून एक लिमरिकचा पोरगा कट घ्यायला उभा राहिला. चेंडू गवतात जमिनीवरच असतो, हर्लीच्या पात्याने खालून कापून उचलायचा. त्याने आधी दोन बोटांनी चेंडूभोवतीचं गवत सारखं केलं, मग हर्लीवरची पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली, जशी त्याने गावातल्या मैदानावर हजारदा दाबली असेल. मला ओझं दिसलं नाही. रोज जे करतो तेच आज इतक्या लोकांसमोर करायचं आहे, एवढंच त्या पोराच्या चेहऱ्यावर होतं.

लिमरिक हरलं. माझ्या शेजारच्या बाई, संघातल्या एका मुलाची मावशी, टाळ्या वाजवत रडत होत्या.

त्या संघातला कीअन लिंच पुढे दोनदा वर्षातला सर्वोत्तम हर्लर झाला. २०१८ ला ४५ वर्षांनी लिमरिकचे मोठे जिंकले, नंतर २०२० ते २०२३ सलग चार वेळा जिंकले, त्यात २०१३-१४ च्या मायनरमधले कितीतरी जण होते. त्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. मला आठवतात ती त्याच संघातली बाकीची मुलं. त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी तो आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना होता. त्यानंतर क्लब, नोकरी, संसार. म्हणून मला दुःख आहे ते वयोमर्यादेचं कमी आणि दुसऱ्या एका गोष्टीचं जास्त. मायनरचा अंतिम सामना आता मोठ्यांच्या दिवशी होत नाही. कोविडच्या वर्षांत तो वेगळा काढला आणि तो वेगळाच राहिला. २०२२ ला किलकेनीच्या नोलन पार्कवर टिपरेरीने ऑफलीला अगदी शेवटच्या क्षणी गोल करून हरवलं, मैदान भरलेलं होतं, वातावरण सुंदर होतं. मुलांना स्वतःचा दिवस मिळाला असंही म्हणता येतं, आणि तसं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तरीही क्रोक पार्कच्या गवतावर एकदा उभं राहायला मिळणं, ज्याला पुढे कधीच मिळणार नाही त्याला, ही गोष्ट त्यांच्याकडून काढून घेतली असं मला वाटतं. हे मत मी बदलणार नाही.

‘मुलांच्या सामन्यांकडे एवढं गांभीर्याने बघायचं कशाला’ असंही तुम्ही विचारलंत. १८ ऑगस्ट २०१३ चा किस्सा सांगतो. लिमरिकने मन्स्टर मायनर २९ वर्षांनी जिंकलं होतं, बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेल्या अंतिम सामन्यात वॉटरफर्डला हरवून. अखिल आयर्लंड उपांत्य सामना गॉलवेशी. त्याच वर्षी क्रोक पार्कमध्ये हॉक-आय, म्हणजे चेंडू खांबांमधून गेला की नाही ते सांगणारं यंत्र, बसवलं होतं. बॅरी नॅशने मारलेला चेंडू खांबांच्या मधून गेला, मोठ्या पडद्यावरच्या चित्रातही तो आतूनच जाताना दिसला, आणि खाली अक्षरं उमटली ‘नील’, म्हणजे नाही. गुण दिला गेला नाही. साठ मिनिटांनी सामना बरोबरीत, जादा वेळेत गॉलवे जिंकलं. त्यानंतर लगेच होणाऱ्या मोठ्यांच्या सामन्यात ते यंत्र बंद ठेवलं. चूक माणसाची होती हे नंतर मान्य झालं, लिमरिकची हरकत मात्र फेटाळली गेली. आणि ज्या वॉटरफर्डला या मुलांनी मन्स्टरमध्ये हरवलं होतं, ते तरीही स्पर्धेत टिकून होते, त्यांनीच पुढे गॉलवेला हरवून कप नेला. मोठ्यांच्या सामन्यात असं झालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न लिमरिकमध्ये अजून निघतो. मुलांच्या सामन्याकडेही तेवढ्याच गांभीर्याने बघायला हवं ते यासाठी.

विटीदांडूबद्दल. तुमची तळमळ मला कळते, कारण मीही त्यावरच वाढलोय. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात सुट्टीभर गल्लीगल्लीत गल आखलेली असायची. पण आमची गल्ली कधी दुसऱ्या गावाशी खेळली नाही, आमचा तालुका कधी दुसऱ्या तालुक्याशी खेळला नाही. सुट्टी संपली की खेळ संपायचा. इथे १८८४ ला थर्लसमधल्या एका हॉटेलात मायकल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आणि मोजकी माणसं बसली आणि गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन उभी राहिली. त्या माणसांनी खेळ गावाला बांधला, गाव काउंटीला, काउंटी प्रांताला. सहसा ज्या गावचे त्याच क्लबकडून खेळायचं, त्याच काउंटीकडून खेळायचं. मुलाला विकत घेता येत नाही. म्हणून मायनरच्या सामन्याला शेजारी येतात, दुकानदार येतो, शाळेतल्या बाई येतात. परक्यांचं कौतुक करायचं म्हणून मी हे लिहीत नाही. आमच्या गल्लीला हे कोणी करून दिलं असतं तर काय झालं असतं, हे इथे मला दर आठवड्याला डोळ्यांसमोर दिसतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, माझा मुलगा काउंटीच्या मायनर संघात आहे का. नाही. चाचणीला गेला होता, दुसऱ्या फेरीत नाव आलं नाही. दोन दिवस खोलीतून फारसा बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या भिंतीवर स्लिटर आपटल्याचा आवाज यायला लागला. आता क्लबकडून खेळतो, डावीकडच्या कोपऱ्यात. परवाच्या सरावात त्याच्या हर्लीचं पातं चिरलं, ते पत्र्याची पट्टी मारून घ्यायला शनिवारी आम्ही दोघं जाणार आहोत.